जर्सीवरचं नाव

कमानिया गेटजवळच्या जर्सी छापणाऱ्या दुकानात दुर्वा शाळेचे टी-शर्ट न्यायला गेली, तेव्हा एक उंचापुरा तरुण दुकानदाराशी भांडत होता... फक्त हातांनी! दुर्वा कर्णबधिर मुलांना शिकवायची. ती भाषा तिला घरचीच.

"दीदी, समिती ने यही लिख के भेजा है," दुकानदार विक्की भैया काकुळतीला आला होता.

जर्सीच्या पाठीवर छापलं होतं – 'पॅरा बॅडमिंटन'.

"मग बिघडलं काय?" दुर्वानं खुणेनं विचारलं. "पॅरा काय, बधिर काय..."

तो गर्रकन वळला. रागावलेले डोळे तिच्या बोटांवर आले, आणि निवले.

"तुमच्या लग्नपत्रिकेवर तुमच्या बहिणीचं नाव छापलं तर चालेल?"

"माझं लग्न ठरलेलं नाही."

"ते मी विचारलं नव्हतं," तो हसला. "पण बरं झालं सांगितलंत!"

दुर्वाचे कान तापले.

त्याचं नाव वेदांत. राहायचा दीक्षितपुऱ्यात. त्या दिवसापासून शाळा सुटली की दोघं खव्याची जिलबी खायला भेटू लागले. बोटं पाकानं चिकट झाली की बोलणं बंद – मग नुसतं एकमेकांकडे बघणं. दुर्वाला ते बंद बोलणंच जास्त आवडू लागलं होतं.

पण एके दिवशी वेदांतनं जिलबीला हात लावला नाही. जिल्हा क्रीडा समिती ठराव करणार होती : सगळे दिव्यांग खेळाडू यापुढे 'पॅरा' याच नावाखाली.

"पॅरात बधिरांचा गटच नाही, दुर्वा. माझं खेळणंच संपेल. येशील माझ्याबरोबर?"

समितीच्या बैठकीला ती दुभाषी म्हणून गेली. अध्यक्ष उल्हासराव आधीच वैतागले होते. "काहून वेगळं नाव पाहिजे रे बाप्पा? उद्या सगळेच मागतील!"

वेदांतचे हात चालू लागले, आणि त्यांना दुर्वाचा आवाज मिळाला.

"पॅरावाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांनी त्यांची चळवळ उभी केली, बधिरांनी आपली. आमच्या जागतिक स्पर्धाही वेगळ्या. तुम्ही मला पॅरा म्हणता, तेव्हा मी ना इकडचा राहतो, ना तिकडचा. नवं नाव देऊ नका, साहेब. आम्हाला आहे तेच लिहा."

उल्हासरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"बरोबर बोलून राहिली, पोरी."

"मी नाही, सर... हे बोलले."

उल्हासराव पहिल्यांदाच थेट वेदांतकडे वळले. मग बाकीच्यांशी थोडी कुजबुज झाली, आणि ठरावात 'बधिर क्रीडा' हे वेगळं नाव आलं. वेदांतनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. डोळे उघडले, आणि त्याचे हात पुन्हा हलले.

दुर्वा बोलू लागली, "मला ही मुलगी..." आणि गप्पच झाली.

"काय म्हणून राहिला?" उल्हासरावांनी विचारलं.

"सर, ते... समितीसाठी नव्हतं."

तिचे गाल बघून उल्हासराव मिशीत हसले. "अच्छा! चलो, चहा मागवा रे कोणी."

सगळे चहाकडे वळले. दुर्वा वेदांतकडे वळली. तिनं सावकाश, एकेक खूण स्पष्ट करत सांगितलं –

"मलाही तू आवडतोस... फार."