क्लचवरचा पाय

भीमाशंकरला, माझ्या धाकट्या भावाला, मी कायम एकच बोलायचो, "क्लचवरचा पाय काढ की बे!" गिअर पडला तरी ह्याचा डावा पाय आपला तिथंच. त्यात गाडी म्हणजे लक्ष्मी, म्हणून चपला डिकीत ठेवायचा आणि अनवाणी चालवायचा. लाल टर्बो गाडी, पळायला वारा. ऑटोमॅटिक घे म्हटलं तर म्हणायचा, "दादा, ती काय गाडी हाय का? पाळणा हाय."

गेल्या श्रावणात तो कपिलधारला दर्शनाला गेला आणि परत आला नाही. गाडी सापडली परतीच्या चढावर, वळणाच्या अगदी कडेला. इंजिन चालू, दार उघडं, चपला डिकीत. बिनचपलेचा माणूस जाऊन जाऊन किती लांब जाईल? पोलिसांनी, गावकऱ्यांनी, मी, सगळ्यांनी दरी पालथी घातली. बीडला आई अजून त्याचं ताट झाकून ठेवते. मला तिच्यापुढं भीमाला आणून उभं करायचं होतं. मेला असेल तर मेलेला, पण भीमाच.

म्हणून दर सोमवारी मी त्याचीच गाडी घेऊन कपिलधारला जायचो, भेटेल त्याला फोटो दाखवायचो. परत येताना त्याच वळणावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. माझा पाय क्लचवर नसायचा. पेडल आपोआप खाली जायचं, थोडा वेळ तिथंच राहायचं, मग वर यायचं.

"शेठ, क्लचची प्लेट घसरायली," गॅरेजवाला सुग्रीव म्हणाला. त्यानं नवी टाकली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. घरी येऊन पाहिलं तर पेडलच्या रबरावर चिखलाची बोटं उमटलेली. मी बूट घालून गाडी चालवतो. जुना डाग असेल म्हणून पुसून टाकला. आठवड्यानं पुन्हा तिथंच, ओला.

खरं सांगतो, घाबरलो. कड्यावर गाडी मागं घरंगळली तर आईनं दुसरंही ताट झाकून ठेवायचं का?

सुग्रीवनं दोन क्लच पुढ्यात ठेवले. एक कंपनीसारखा, मऊ. दुसरा रेसिंगचा.

"हा लई जड हाय. पाय भरून यील तुमचा. पण एकदा धरला की सोडत न्हाई."

"जडच टाक," मी म्हणालो.

सोमवारी दुपारी उन्हात चढ लागला. वळणावर पेडल खाली जाऊ लागलं. अर्ध्यावर अडलं. थरथरायला लागलं, पोतं उचलून दमलेल्या माणसाचं अंग थरथरतं तसं. पुन्हा थोडं खाली गेलं.

मग खाडकन वर आलं.

गाडी झोकात वळण चढून गेली.

पुढं जाऊन मी ब्रेक मारला, पळत मागं आलो. "भीमा!" दरीत वानरं ओरडली. बाकी काही नाही.

त्याच दिवशी सुग्रीवकडं गेलो. "काढ हा. मऊ टाक, आत्ताच्या आत्ता."

"कावून, शेठ? चांगली तर चढली की!"

"काढ म्हटलं ना रे, तुझ्या पाया पडतो!"

मऊ क्लच बसला आणि मी तसाच परत फिरलो, कपिलधारला उतरून अंधारात पुन्हा चढाला लागलो. वळण आलं. आयुष्यभर जे बोललो त्याच्या उलटं बोललो, मोठमोठ्यानं, रडत. "ठेव रे भीमा, पाय ठेव. दादा काही म्हणणार नाही. ठेव!"

पेडल हललं नाही. गाडी लोण्यासारखी चढली.

वर थांबवली, मोबाइलची बॅटरी लावली आणि खाली वाकलो. दुपारचा चिखल अजून पेडलवर होता. बोटांचे लांब ओरखडे, खालच्या कडेपर्यंत घसरत गेलेले. चारच होते. पाचवं बोट शोधत मी पेडलच्या मागं हात घातला. ओलं लागलं.

अंगठा मागच्या बाजूला होता. पायाचा अंगठा तिकडं जात नाही. हाताचा जातो, खाली लोंबकळताना काही घट्ट धरलं तर.