फोडणीचा अलार्म

जाईला उद्या कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवणार, हे शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात कळलं.

"शंभर गायींच्या रक्ताची टेस्ट केली, चार आजारी निघाल्या. आतड्यांचा आजार, बरा होत नाही," सत्यजितकाकांची डेअरी सांभाळणारा विवेकदादा म्हणाला. "त्यात जाई आहे."

काकांनी कढई गॅसवर ठेवली. जाईला नीनाकाकूंनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. काकू गेल्यापासून काका सकाळचा चहा जाईशेजारी उभे राहून घेत. शिकागोहून सुट्टीला विस्कॉन्सिनला आलेल्या अंकुरला आणि देवयानीताईला ते ठाऊक होतं.

"बट शी इज फाइन, यार!" अंकुर रडवेला झाला.

काकांनी पोह्यांची फोडणी टाकली. मोहरी तडतडली आणि छतावरचा अलार्म किंचाळला. टीं! टीं! टीं!

"फायर!" अंकुर ओरडला.

"गप रे! त्याला फोडणीही आगच वाटते," काका टॉवेल हलवत म्हणाले. "गॅरेजमध्ये वायर खरंच जळली, तेव्हा तिथला अलार्म मात्र ढिम्म!"

देवयानी थबकली. "दादा, गायींची टेस्टपण अशीच चुकते का?"

"लॅबची टेस्ट आहे ती! चुकेल कशी?"

"मग विचारू या ना!" तिने फोन स्पीकरवर लावला.

लॅबमधल्या बाईंनी सरळ सांगितलं. शंभर निरोगी गायी तपासल्या, तर साधारण दोघी उगाच आजारी दिसतात. खरोखर आजारी असलेल्यांपैकी निम्म्याच सापडतात. खात्री करायची तर शेण तपासायला पाठवा.

"म्हणजे चारपैकी दोघींना नुसती फोडणी बसलीय!" अंकुर उडालाच.

"आणि दोघी खऱ्या आजारी. पण निम्म्याच सापडतात, म्हणजे अजून दोघी निसटल्या असतील," देवयानी म्हणाली.

"दोन आणि दोन चारच ना? मी काय म्हणत होतो!" विवेकदादा म्हणाला.

"चारच, दादा. पण याच चार नव्हेत!"

काकांनी ट्रक कॅन्सल केला. चौघींना वेगळं बांधलं.

"शेण कोण गोळा करणार?" अंकुरने नाक दाबलं.

"ज्याची टेस्ट कधी चुकत नाही, तो!" काका विवेकदादाकडे बघत म्हणाले.

दोन आठवड्यांनी निकाल आला. दोघी आजारी होत्या. जाईत काहीच सापडलं नाही!

काकांनी दोघा मुलांची पाठ थोपटली. "शाबास! तुमच्या काकूने आज शिरा केला असता."

"मी करतो," विवेकदादा पुटपुटला.

"आधी खिडकी उघड!" दोघं एकदम ओरडली.

निसटलेल्या गायी अजून कळपातच आहेत. त्या कोणत्या, हे शोधायचं राहिलं आहे.