घोट्यापासून वर

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सासरच्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे. ज्याला खोटी वाटत असेल त्यानं आमच्या गावी यावं आणि आमच्या शेजारणीच्या, दोन्या तोमासाच्या, दारात उभं राहून तसं म्हणून दाखवावं.

आणि ती रात्रीची तर मुळीच नाही. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी आमच्या युकातानातली मे महिन्याची दुपार पाहिलेली नाही. जेवणं उरकून माणसं झुल्यांत आडवी झालेली असतात. कोंबड्या संत्र्याच्या झाडाखाली चोची उघड्या टाकून पडतात. त्या वेळी गावात कुणी मेलं तरी लवकर कळत नाही.

ती दुपार मंगळवारची होती. गेल्या वर्षीची.

माझी सासू गास्पारा, गाव तिला मानानं दोन्या म्हणायचं, अंग चोळून द्यायची. कुणाची कंबर, कुणाचा लचकलेला पाय, पोटुशीचं पोट, बाळंतिणीचं अंग. मंगळवार आणि शुक्रवार हे आमच्याकडे या कामाचे वार. त्या दिवशी आसपासच्या गावांतून लोक येऊन अंगणात बसायचे. तिच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू? माझी आखडलेली मान तिनंच सरळ केली होती.

पण तोंड! आणि त्याहून मोठा तो ताठा.

"तुझे हात मेले भाकऱ्या थापायचे," असं ती मला म्हणायची. म्हणून मी स्वयंपाकाच्या झोपडीत, आणि हाताखाली शिकायला तिची लेक, माझी नणंद ग्रिसेल.

त्या मंगळवारी नेल्मी आली. तीन घरं पलीकडची, दोन्या तोमासाची एकुलती एक मुलगी. पहिलटकरीण. बाळ तीन आठवड्यांचं.

आमच्याकडे रीत अशी, की नऊ महिने जिनं पोट चोळलं तिनंच बाळंतपणानंतर अंग मिटवून द्यायचं. पोट चोळायचं, कंबर कापडानं घट्ट आवळायची. नाही केलं तर अंग उघडं राहतं आणि त्यात वारा शिरतो म्हणतात. तेव्हा नेल्मीला माझ्या सासूकडे येणं भागच होतं.

ती लंगडत आली. डाव्या पायाची पोटरी सुजलेली, लाल, चकचकीत.

"दोन्या, फक्त पोट बांधा हं," आल्या आल्या ती म्हणाली. "पायाला हात नका लावू. नर्सबाई म्हणाल्या, रक्ताची गुठळी असेल, कुणालाही रगडू देऊ नकोस. उद्या पहाटेच्या गाडीनं आई मला मोठ्या दवाखान्यात नेणार आहे."

झालं. सासूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"नर्सबाई! त्या पोरीनं अजून स्वतःचं एक जन्माला घातलं नाही, आणि मला शिकवते?" तिनं सतापाच्या तेलाची बाटली उघडली. "गुठळी नाही नि बिठळी नाही. वारा आहे तो. घोट्यापासून वर ढकलत नेला की पोटातून निघून जातो."

"नको, दोन्या. मला भीती वाटते."

"ग्रिसेल, खांदे धर गं हिचे."

मी झोपडीतून ओरडले, "आई, ती नको म्हणतेय ना!"

"तू तुझ्या भाकऱ्या थाप!"

मग कातडीवर तेलाच्या हातांचा आवाज. चप… चप… चप… आणि नेल्मीची किंकाळी.

"ओरड, ओरड. वारा निघताना माणूस ओरडतोच."

मी पिठाच्या हातांनीच धावले. मी दारात पोचले तेव्हा नेल्मी उभी राहत होती. एक हात भिंतीला.

"बघ! उभी राहिली की नाही?" सासू म्हणाली.

नेल्मीनं तिच्याकडे बघितलं. दुसरा हात छातीवर नेला.

"श्वास…"

एवढंच म्हणाली आणि कोसळली. नर्सबाई धावत येईपर्यंत ओठ निळे पडले होते.

माणसाची चूक होते. ती कबूल केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं असं मला अजून वाटतं. पण सासूनं काय करावं? मयताला जमलेल्या बायकांना सांगितलं, "गार पाण्यानं अंघोळ केली असणार. हल्लीच्या पोरी ऐकतात कुठं? माझ्याकडे आली तेव्हाच संपलेली होती."

तुम्हाला यात फारसं काही वाटणार नाही. पण आमच्याकडे बाळंतीण गार पाण्यात शिरली म्हणजे तिनं जाणूनबुजून जीव दिला, लेकराला पोरकं केलं. त्या वाक्यानंतर नेल्मीसाठी कुणी मोकळेपणानं रडलंसुद्धा नाही. "बाळाचा तरी विचार करायचा," असं तिच्या प्रेताशेजारी बसून बायका बोलत होत्या.

चोराच्या उलट्या बोंबा. मला सहन झालं नाही. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं.

"ग्रिसेल, तू तिथंच होतीस. बोल ना!"

ग्रिसेल जमिनीकडे बघत म्हणाली, "मला काही आठवत नाही."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. सून सासूविरुद्ध बोलणारच, त्यात काय नवल! दोन्या तोमासा नातवाला खांद्यावर घेऊन नुसती ऐकत होती.

पहिली खूण हातांची होती.

चोळून झाल्यावर हात तापतात. ते आपोआप निवेपर्यंत त्यांना पाणी लावायचं नाही, नाहीतर बोटं कायमची आखडतात. आमच्याकडची कुठलीही चोळणारी बाई हे पाळते. सासू त्या दिवशी हात मांडीवर ठेवून निवायची वाट बघत बसली.

संध्याकाळ झाली… हात गरमच.

दुसरा दिवस उजाडला… हात गरमच.

मी शिवून पाहिले. तव्यावरून काढल्यासारखे. तिला धुता येईनात. त्याच तेलकट हातांनी ती घेवड्याचं कालवण आणि भाकरी खायची, आणि प्रत्येक घासाला तिचं तोंड वाकडं व्हायचं.

शुक्रवार आला. दुपारी सासू माझ्या शेजारच्या झुल्यात घोरत होती. मी जागी होते.

अचानक कोंबड्यांचा आवाज थांबला. आमचा कुत्रा उठला, माझ्याकडे एकदा बघून अंगणाबाहेर निघून गेला.

आणि मग…

चप… चप… चप…

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. सतापाचा वास मात्र दाटून आला होता.

"पाय सोड!" सासू किंचाळत उठली. "कोण आहे? पाय सोड!"

तिच्या डाव्या घोट्यावर बोटांचे लाल वळ होते. बारीक बोटं, तरण्या पोरीची.

मंगळवारी वळ नडगीवर आले. शुक्रवारी गुडघ्यावर. त्याच वेळी, तोच आवाज, आणि दर खेपेला थोडं वर. सासू झुल्यातून उठून अंगणात बसून पाहायची, चर्चमध्ये जाऊन बसायची. तिथंही तेच. भर चर्चमध्ये पाय झाडत ओरडली तेव्हा पाद्रीसुद्धा दचकला.

आता तर माझी पाचावर धारण बसली. कारण ते कुठं चाललंय हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. घोट्यापासून वर. छातीपर्यंत.

मी सिस्तो आजोबांना बोलावलं. अंगातला वारा झाडणारा आमच्या गावातला तो म्हातारा. त्यानं सासूचा पाय पाहिला आणि आणलेला पाला खाली ठेवून दिला.

"गास्पारा, हा वारा नाही. तुला कुणीतरी चोळतंय. तुझ्याच पद्धतीनं."

"मग उतरवा!"

"माझ्यानं नाही उतरणार. तोमासाकडे जा. चारचौघांत खरं सांग आणि पोरीवरचा बोल काढून घे. छातीला लागायच्या आत."

"खरं सांगितलं तर माझ्याकडे कोण येईल?"

"आणि मेलीस तर कोण येणार आहे?" म्हातारा म्हणाला आणि काठी उचलून चालू लागला.

मी तिच्या पाया पडले. अक्षरशः त्या वळ उठलेल्या पायांना हात लावला. राग होता मला तिचा, पण ती माझ्या नवऱ्याची आई होती, आणि भीतीनं तिचं तोंड लहान मुलीसारखं झालं होतं. "आई, दोन वाक्यं आहेत. मी येते सोबत."

"त्या पोरीपुढे मी वाकू? मेलेल्या पोरीपुढे?"

वळ मांडीवर आले. मग पोटावर. तिचं जेवण तुटलं.

ज्या शुक्रवारी दुपारी बरगड्यांवर बोटं उमटली, त्या संध्याकाळी तिनं स्वतःच शाल मागितली. "चल," म्हणाली.

तोमासाच्या घरी नेल्मीसाठी प्रार्थना चालू होती. बायका ओळीनं बसलेल्या. कोपऱ्यात बाळाचा झुला हलत होता. आम्हाला बघून प्रार्थना थांबली.

सासू दारातच उभी राहिली. माझा दंड तिनं घट्ट पकडला होता.

"तोमासा," ती म्हणाली. "पोर नको म्हणत होती. पायाला हात लावू नका म्हणाली. मी ऐकलं नाही. मी रगडला तिचा पाय."

तोमासानं डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

आणि माझ्या दंडावरचा सासूचा हात… गार झाला.

देवाशपथ सांगते, गार झाला! तिलाही कळलं. किती दिवसांनी तिनं छाती भरून श्वास घेतला. मला तर हुंदकाच फुटला. वाटलं, सुटलो. तेव्हाच तिला ओढून घरी न्यायला हवं होतं.

पण बायका तिच्याकडे बघत होत्या. त्यातल्या दोघींची पोटं तिनंच चोळली होती. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. सासूची मान हळूहळू वर झाली. ती मान मी ओळखत होते.

"आई, चला," मी म्हटलं.

"थांब गं. बोलू दे मला." तिनं शाल सारखी केली. "पण खरं सांगायचं तर बायांनो, सगळा दोष माझाच नाही. गार पाणी तर तिनं…"

कोपऱ्यातला झुला थांबला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही आल्यापासून तो हलत होता आणि त्याच्याजवळ कुणीच बसलेलं नव्हतं.

चप…

एकदाच. सगळ्यांनी ऐकला. नंतर विचारलं तर निम्म्या बायका नाही म्हणतात, पण त्या वेळी प्रत्येकीनं वळून पाहिलं होतं.

सासूनं छातीवर हात नेला.

"श्वास…"

मी तिला सावरायच्या आत ती उंबऱ्यावर पडली होती.

दवाखान्यातले म्हणाले, हृदय थांबलं. वय झालं होतं. बरं. मी तिला शेवटची अंघोळ घातली आहे. घोट्यापासून गळ्याच्या खळीपर्यंत बोटांची रांग होती. ते दवाखान्यातल्या कुणी पाहिलं नाही का? की पाहून गप्प बसले?

मयताला दोन्या तोमासा आली. माझ्याजवळ बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता आणि समाधानही नव्हतं.

"माझी पोर रोज दुपारी येते," ती हळूच म्हणाली. "बाळाचा झुला हलवते. मी आत जात नाही, दारातून बघते फक्त. मंगळवारी आणि शुक्रवारी तेवढी यायची नाही. मला वाटायचं, कुठं जात असेल?"

मी तिच्याकडे बघितलं.

"आता त्या वारीही येईल," ती म्हणाली आणि उठून गेली.

आणि खरंच, त्यानंतर रोज येत होती. गावातल्या प्रत्येकानं नेल्मीचं नाव पुन्हा नीट घ्यायला सुरुवात केली. तोमासा बाळाला घेऊन गिरणीवर यायची तेव्हा मला हसून सांगायची, काल आली होती, परवा आली होती. मला भीती वाटायची, आणि बरंही वाटायचं.

सासूच्या जागी ग्रिसेल बसायला लागली. तीच चटई, तीच बाटली, तेच वार. लोक पुन्हा अंगणात जमू लागले. मी तिला कितीदा सांगितलं, "बाई, एकदा तोमासाकडे जाऊन ये. खांदे तू धरले होतेस. तेवढं सांग आणि मोकळी हो."

"मला काही आठवत नाही, लेयदी. तूच किती दिवस ते उगाळत बसणार?"

परवा, बुधवारी सकाळी, गिरणीवर मका दळायला गेले होते. तोमासा रांगेत माझ्यापुढे होती. त्या दिवशी हसली नाही.

"काल पोर आली नाही गं," ती म्हणाली.

घरी आले तर ग्रिसेल अंगणात बसली होती. इथला मे महिना आहे. अंगावरचं पातळ कापडसुद्धा नकोसं होतं.

तिनं पायांत मोजे घातले होते. गुडघ्यापर्यंत ओढलेले, नवऱ्याचे, जाड.

"मोजे कशाला गं?" मी विचारलं.

"डास चावतात," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

आज शुक्रवार आहे. दुपार व्हायची आहे. कुत्रा सकाळपासून घरात नाही.