नऊ नंबरच्या भिंतीचे थर

नऊ नंबरच्या खोलीचा रंग खरवडायला किती खर्च येईल, एवढंच त्या यंत्राला विचारायचं होतं.

चिखलदऱ्यातलं ‘पानघाट’ हॉटेल आता बत्तीस वर्षांचं झालं होतं. बावीस खोल्या, एक भोजनगृह आणि दरीकडे तोंड केलेला लांब व्हरांडा. मालकीणबाई सुमित्रा ढोमणे एकसष्टीच्या. त्यांचे यजमान वसंतराव चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून सगळा कारभार त्यांच्याच अंगावर होता. चिखलदऱ्याचं धुकं कुठल्याच भिंतीला सोडत नाही. पोपडे निघाले होते, न्हाणीघरांच्या फरशा फुगल्या होत्या आणि गेल्या हंगामात तर एका पाहुण्यानं ओलीचे फोटोच जगजाहीर केले. शेवटी पुण्याला असलेल्या मुलानं, हर्षदनं, बँकेकडून दोन कोटी दहा लाखांचं कर्ज मंजूर करून घेतलं. उन्हाळ्याच्या गर्दीआधी हॉटेल नवं व्हायला हवं होतं. तोडफोड सोमवारी सुरू होणार होती. त्याआधी अंदाजपत्रक पक्कं करायचं, म्हणून अमरावतीहून अन्वी राजूरकर ही तरुण इंजिनीअर आली होती.

तिच्या हातात जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. थरवाचक म्हणत त्याला. दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेलं, आणि आता त्याच्या अहवालावाचून बँका दुरुस्तीला कर्जच देत नसत. भिंतीला ते टेकवलं की त्यातून प्रकाशाचा एक बारीक ठोका निघे, सुईच्या टोकाएवढा रंग वाफ होऊन आत ओढला जाई आणि त्या वाफेत कोणकोणते रेणू आहेत ते यंत्र सांगे. मग त्याच जागी आणखी खोल, मग आणखी. वरचा रंग, त्याखालचा रंग, खाचा बुजवायची लांबी, गिलावा असं करत ते विटेपर्यंत पोचे. ओल कुठवर गेली आहे, बुरशी कुठल्या थरात आहे, कोणती भिंत नुसती रंगवून भागेल आणि कोणती सोलावी लागेल, हे खोलीमागे दहा मिनिटांत कळे.

सुमित्राबाईंना त्या यंत्राची गंमत वाटू लागली होती. पहिल्या दिवशी संध्याकाळी आठ खोल्या झाल्या. यंत्राला वर्षंसुद्धा मोजता येतात हे कळल्यावर त्यांनी अन्वीला विचारलं होतं, की भिंतीला तारीख कशी ठाऊक? अन्वीनं सांगितलं, की दर पावसाळ्यात हवेतल्या बुरशीचे कण भिंतीवर बसतात. झाडाच्या खोडात वर्षागणिक वलय पडतं, तशी रंगातही पावसाळ्याची एकेक रेघ उमटते. रेघा मोजल्या की वर्ष सापडतं. त्या त्या दिवसांत खोलीत उदबत्ती जळली असेल, कुणी विडी ओढली असेल, तर त्याचाही अंश रंगात अडकून राहतो. पाच नंबरमध्ये यंत्रानं चंदनाची नोंद दाखवली तेव्हा बाई हसल्या होत्या. नागपूरचे एक जोशी दरवर्षी त्याच खोलीत उतरत आणि सकाळ-संध्याकाळ पूजा करत.

नऊ नंबरमध्ये मात्र दहा मिनिटांची वीस झाली. अन्वीनं यंत्र दाराजवळ लावलं, खिडकीजवळ लावलं, मग शिडीवर चढून छताखाली लावलं. तिचा चेहरा बदलत गेला. खाली उतरून तिनं विचारलं, की या छताच्या वरून कधी धुराड्याचा पाइप जात होता का.

सुमित्राबाईंना आठवलं. पूर्वी मागच्या बाजूला डिझेलचा बॉयलर होता, खोल्यांना गरम पाणी पुरवायला. त्याचं धुराडं नऊ नंबरच्या छतावरून बाहेर काढलेलं होतं. वसंतरावांनी पुढे तो बॉयलर काढून पाणी तापवायला सौरबंब बसवला.

“कधी काढला?” अन्वीनं विचारलं.

बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच ते वर्ष त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

एकोणीस वर्षांपूर्वीचा जानेवारी. रेवा काळमेघ आणि निशांत सरकटे. दोघं खालच्या परतवाड्याची. नुकतंच नोंदणी लग्न करून आली होती. मुलीच्या घरी ते मान्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दार उघडलं नाही, म्हणून कडी तोडली. दोघं पांघरुणात शेजारी शेजारी, झोपल्यासारखी. रेवाच्या पर्समध्ये तिच्या वडिलांचं पत्र निघालं. त्यात एकच ओळ होती : आजपासून तू आम्हाला मेलीस. ते पत्र वाचल्यावर कुणाला काही विचारायचं उरलंच नाही. दोघांनी विष घेतलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. व्हिसेऱ्याचा अहवाल वर्षभरानं आला, त्यात विष सापडलं नव्हतं. पण तोवर कागद बंद झाले होते आणि गावाचं मत पक्कं झालं होतं.

अन्वीला हे काहीच ठाऊक नव्हतं. ती तेव्हा शाळेतही गेली नसेल. तिनं बाईंना पलंगावर बसवलं आणि यंत्राचा पडदा दाखवला. वरून सातव्या रंगाच्या थरात एक काळा पट्टा होता. अर्धवट जळलेल्या डिझेलचे कण. छताजवळ दाट, खाली येताना विरळ. म्हणजे पाइपाचा सांधा छताच्या पोकळीत सुटला होता आणि बॉयलरचा धूर खोलीत झिरपत होता.

“धूर असता तर दिसला असता ना, बाळ? वास आला असता.”

“पोकळीतून गाळून येताना काजळी बरीचशी वरच राहते, काकू. वास आलाच असेल तर फार थोडा. पण त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेत असला तर जागसुद्धा येत नाही.”

 अन्वी पुढचं सांगायला कचरत होती, ते बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी खुणेनंच तिला बोल म्हटलं.

तो काळा थर ज्या रंगानं झाकला होता, तो रंग त्याच हिवाळ्यात लावलेला होता. मध्ये पावसाळ्याची रेघ नव्हती. आणि छताच्या पोकळीत, जिथून पाइप जात होता, ते भोक सिमेंटनं बुजवलेलं होतं. त्या सिमेंटचे शिंतोडे काळ्या थराच्या वर आणि नव्या रंगाच्या खाली सापडले होते. कुणीतरी आधी भोक बुजवलं होतं, मग खोली रंगवली होती.

कुणीतरी म्हणजे कोण, हे अन्वीला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. सुमित्राबाईंना होतं. पोलिसांनी खोली मोकळी केल्यावर आठवड्याच्या आत वसंतरावांनी स्वतः, गडी न लावता, ती खोली रंगवली होती. पाहुणे भितील, लवकर उरकतो, असं म्हणाले होते. त्याच महिन्यात बॉयलर निघाला. डिझेल परवडत नाही म्हणाले. गावातला पहिला सौरबंबाचा हॉटेलवाला म्हणून त्यांचा सत्कार झाला होता आणि त्या शालीची घडी बाईंनी स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली होती. अठ्ठावीस वर्षं ज्याच्यासोबत हे हॉटेल चालवलं, तो माणूस त्यातली पंधरा वर्षं हे पोटात घेऊन त्यांच्या शेजारी जेवत होता, झोपत होता. त्यांना वाटलं आपल्याला रडू येईल. आलं नाही. 

अन्वी मात्र अजून पडद्याकडेच बघत होती. तिच्या हिशेबात काही बसत नव्हतं. हा थर एका रात्रीचा नाही, ती म्हणाली. गळती महिना-दीड महिना तरी चालू असावी. मग त्या आधीच्या पाहुण्यांना काही कसं झालं नाही? तिनं मान वर करून खोलीभर नजर फिरवली आणि तिला पलंगासमोरच्या भिंतीत, अगदी वर, वीतभर रुंदीचा झरोका दिसला. “हा असेल,” ती म्हणाली. “हा उघडा होता तोवर वायू बाहेर जात राहिला. त्या रात्री तो बंद असणार.”

ती पुन्हा शिडीवर चढली. पण शिडी धरून उभ्या असलेल्या सुमित्राबाईंना तिथं काय सापडेल हे कळण्याची गरज नव्हती. झरोका त्या रात्री बंदच होता. त्यांनीच तो बंद केला होता.

संध्याकाळी रेवा कुडकुडत काउंटरवर आली होती. काकू, वरून फार गार वारा येतो हो, म्हणाली होती. लग्नाला चार दिवस झालेली मुलगी, हातातली मेंदी अजून गडद. सुमित्राबाई स्वतः स्टूल घेऊन गेल्या, एक जुनी चादर दुमडून झरोक्यात घट्ट कोंबली आणि जादा रजई देऊन, आता बघ कशी छान झोप लागते, असं म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या गोंधळात त्या चादरीकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. नंतर ती कुणी काढली, हेही त्यांना आठवेना. आता कळत होतं, कुणी काढली असेल ते. आणि वसंतराव एवढी वर्षं का बोलले नाहीत, त्याचं एक वेगळंच कारण आता त्यांच्यासमोर उभं राहिलं. त्यांनी स्वतःला वाचवलं होतं, की बायकोला?

हे कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर येणार नव्हतं. ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

व्हरांड्यात चहा ठेवून अन्वीनं अहवाल उघडला. शेवटी यंत्राचा ठरलेला प्रश्न होता : नऊ नंबरची नोंद अंदाजपत्रकाशी संबंधित नाही; ती अहवालात ठेवावी की वगळावी? अहवाल मालकाचा असतो, तिनं सांगितलं. याविषयी अजून कायदा झालेला नाही. या वर्षात राज्यात अशी चारेकशे यंत्रं फिरू लागली आहेत आणि कुणाकुणाच्या भिंतींतून काय काय निघतं आहे, हे तिच्या धंद्यातली माणसं एकमेकांत दबक्या आवाजात बोलतात.

“तुम्ही वगळ म्हणालात तर वगळते, काकू,” ती म्हणाली. “फक्त मग हे काम दुसऱ्या कुणाला द्या.”

बाईंनी हर्षदला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.  मग तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. बँकेला हे कळलं तर कर्ज अडकेल, हंगाम जाईल, गडीमाणसांचे पगार कुठून द्यायचे? बाबा गेले, ती दोघंही गेली. सोमवारी ती भिंत तशीही पडणारच आहे, तिला पडू दे.

“आई, कुणाला सांगून कुणाचं भलं होणार आहे आता?”

चादरीचं त्यांनी त्याला सांगितलं नाही. ते पहिल्यांदा कुणाला सांगायचं, हे त्यांचं ठरलं होतं. अन्वीला त्यांनी नोंद ठेवायला सांगितली, अहवालाची छापील प्रत मागितली आणि नऊ नंबरला हात लावायचा नाही असं बजावून खोलीला कुलूप घातलं. अंदाजपत्रकातून ती खोली वजा झाली. अन्वीनं त्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं. तो रिकामा ठेव, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या घाट उतरल्या. परतवाड्यात दिनकर काळमेघांचं घर शोधायला त्रास पडला नाही. निवृत्त मास्तरांना सगळे ओळखत. दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या घरातले, ताठ कण्याचे, अंगात धुवट सदरा. दोघांनी एकमेकांना एकदाच पाहिलं होतं, पोलीस ठाण्याच्या बाकावर. तरी त्यांनी ओळखलं. या, बसा म्हणाले, स्वतः पाणी आणून दिलं.

येताना घाटभर बाईंनी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. त्यांनी जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. धुराडं, सुटलेला सांधा, काळा थर, सिमेंट, नवरा. मग चादर. चादरीचं सांगताना त्या मास्तरांच्या डोळ्यांत बघू शकल्या नाहीत.

“तुमच्या पत्रानं नाही गेली ती,” त्या शेवटी म्हणाल्या. “आमच्या हातानं गेली. पोलिसांत जायचं असेल तर मी तुमच्यासोबत येते.”

मास्तरांनी अहवाल हातात घेतला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला, जसा एखादा निबंध तपासावा तसा; काळ्या पट्ट्याच्या चित्रावर बोट ठेवून थांबले. तिला त्रास झाला असेल का, एवढं विचारलं. झोपेतच, असं बाई म्हणाल्या. त्यांनी मान हलवली. ते ओरडतील, हाकलून देतील, कदाचित रडतील, अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. त्यांनी तसं काही केलं नाही. पानं नीट जुळवून मांडीवर ठेवली.

मग ते भिंतीवरच्या एका फोटोकडे बघत बोलू लागले, बाईंना नाही, तर स्वतःलाच सांगावं तसं. रेवाच्या आईनं ते पत्र वाचल्यापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आजारपणात त्यांचे पायही चेपायची. पण अकरा वर्षं एक शब्द नाही. ती गेली त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी तिला हात जोडून विनवलं, तेव्हाही तिनं फक्त तोंड फिरवलं. त्याचा त्यांना राग नव्हता. मुलीला मारणाऱ्याशी कुठली आई बोलेल, असं त्यांना वाटायचं. तिचं बरोबरच होतं, असंच ते आजपर्यंत धरून जगले.

त्यांनी चष्मा काढला. अहवाल पुन्हा उचलला, सुमित्राबाईंच्या पुढे धरला, आणि शांतपणे विचारलं,

“हे आता तिला कोण सांगणार?”