राखणदाराचं पान

जर्मनीची लढाई संपून दोन पावसाळे गेले होते. सुप्याच्या बाजारात एका कौलारू घरात वाचनालय निघालं. एक कपाट, दोन बाकं आणि बेळगावहून आलेली मुलांच्या गोष्टींची पेटीभर पुस्तकं. पुंडलिकराव नावाचे उतारवयाचे मास्तर ते चालवायचे. दिवाळीनंतर त्या पुस्तकांवर मुलांना प्रश्न विचारणार, असं त्यांनी जाहीर केलं. जे मूल जिंकेल त्याला ते बेळगावात आपल्या बहिणीच्या घरी ठेवून शिकवणार होते.

माझी नात देवकी तेव्हा दहा वर्षांची होती. आईबाप तापात गेल्यावर ती माझ्यापाशी आणि तिची आजी फुला हिच्यापाशी वाढली. आमच्या बाजारकुणंगच्या बाजूला चौथीपुढे शाळा नव्हती. गाडीवानाकडून ती सुप्याची पुस्तकं मागवायची आणि वाचून परत धाडायची. संध्याकाळी चुलीतली राख जमिनीवर पसरायची आणि मला अक्षरं गिरवायला बसवायची.

"आजो, बोट असं फिरवतात व्हय? पेज ढवळतोस काय?"

माझे केस पिकले होते. तरी तिच्यासमोर मी पोरासारखा बसायचो.

आमच्यात नव्या कामाला आधी राखणदाराचं पान मांडतात. राखणदार आमचं आणि रानाचं रक्षण करतो. ओढ्यापलीकडच्या देवराईत त्याचा दगड आहे. पान मांडलं की तो येऊन बसतो. काम झालं की घरच्यांपैकी कुणीतरी पान उचलायचं आणि म्हणायचं, "ऊठ बाबा, आपल्या जागेला जा." तो निघाला की मागून हाक मारायची नाही. मारली तर तो परत फिरतो, आणि मग कधीच जात नाही.

म्हणून देवकी, फुला आणि मी सुप्याला निघालो तेव्हा मी कमरेला कुड्याचं एक पान खोचून घेतलं.

वाचनालयात मुलं भिंतीला पाठ लावून रांगेत बसली होती. देवकी शेवटी होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेत मी पान ठेवलं आणि वर चार तांदूळ टाकले. पुंडलिकरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे काय, म्हादू?"

"राखणदार बसलाय, मास्तर."

"बसू दे, बसू दे. पण सगळ्यांना प्रश्न, तसा त्यालाही."

मोठी माणसं हसली. रामनगरचा दुकानदार वासू सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याचा मुलगा दत्तात्रय रांगेत पहिला होता.

प्रश्न रांगेनं फिरू लागले. कोल्ह्यानं ढोल कशानं फोडला, राणीची अंगठी कुणाला सापडली. ज्याचं चुकलं तो उठून बाकावर जायचा. पानाची पाळी आली की पुंडलिकराव हातातलं पुस्तक उंच धरून विचारायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "राखणदार विचार करतायत." मुलं खिदळायची.

तिसऱ्या फेरीला मुलं खिदळली नाहीत. पानाला प्रश्न विचारला तेव्हा रांगेत उरलेल्या सगळ्या मुलांनी माना एकदमच तिकडे वळवल्या. शाळेत कुणी धडा वाचताना ऐकतात, तशी ती ऐकत राहिली. मग सगळ्यांनी मिळून मान हलवली. खोलीत ओल्या पालापाचोळ्याचा वास आला. बाहेर तर कडक ऊन होतं.

शेवटी देवकी आणि दत्तात्रय उरले. दोघांचंही चुकेना. पुन्हा पानाची पाळी आली तेव्हा पुंडलिकरावांनी त्याच सकाळी टपालानं आलेलं एक नवं पुस्तक उचललं. त्याची पानं अजून कडेला जोडलेलीच होती, सुरीनं कापायची राहिली होती.

"राखणदारांना जुनं कशाला विचारायचं? हे सांगा. बुडालेल्या होडीची घंटा शेवटी कुठे सापडते? मलाही ठाऊक नाही बरं का, फक्त गोष्टीचं नाव दिसतंय."

देवकीनं मान कलती केली. आजीनं कानात काही सांगावं, तशी ती थोडा वेळ राहिली.

"कुंभाराच्या भट्टीत," ती म्हणाली. "राखेत. घंटा वितळलेली असती, पण आवाज तसाच असतो."

पुंडलिकरावांनी सुरी मागवली. कागद कापल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ते शेवटचं पान वाचत राहिले. त्यांचे ओठ हलत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"बरोबर कसलं?" वासू उठून उभा राहिला. "प्रश्न पानाला होता, पोरीला न्हाई. मग बक्षीस पण पानालाच द्या की! धाडा त्याला बेळगावला शिकायला!"

लोक हसले. पुंडलिकरावही हसले, त्यांना बरं वाटलं असावं.

देवकी हसली नाही. तिनं बाजूला पाहिलं.

"येतो म्हणतोय," ती म्हणाली.

पुंडलिकरावांनी देवकीला विजयी ठरवलं आणि तेच पुस्तक तिला दिलं. गर्दी उठली, वासू भांडत राहिला. मी पान उचलायला गेलो तेव्हा ते तिथं नव्हतं. मला वाटलं फुलानं उचललं. तिला वाटलं मी उचललं. देवकीनं ते खूण म्हणून पुस्तकात घातलं होतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आठवड्यानं ती बेळगावला निघाली. गाडीत चढताना म्हणाली, "दोन अक्षरं ऱ्हायली, आजो. आल्यावर शिकवते."

त्या वर्षी आमचं रान गप्प झालं. देवराईत गेलं की रिकाम्या घरात गेल्यासारखं वाटायचं. गवे कुंपण मोडून भातात शिरले. ते पूर्वी ओढ्यापाशीच वळायचे. शिमग्याला पुंडलिकराव भेटले.

"पोर हुशार आहे, म्हादू. पण बहीण एक चमत्कारिक सांगते. जेवायला बसताना बहिणीच्याच हातून रोज एक पान जास्त मांडलं जातं. ठरवून नाही. आपोआप."

उन्हाळ्यात देवकी आली. उंच झाली होती. गाडीवाटेनं ती आमच्यापुढे चालत होती, आणि तिच्या पायाखालचा पाचोळा वाजत नव्हता. घरचा कुत्रा तिला पाहून भुंकला नाही, शेपूटही हलवली नाही. देवराईच्या वाटेवर बसायचा तसा अंग चोरून बाजूला बसला.

"दमलीस काय गं?" फुलानं विचारलं.

"न्हाई."

"काय खातीस?"

"काय बी."

तिच्या पेटीतलं पुस्तक मी उघडलं. आत कुड्याचं पान होतं. सहा महिन्यांनीही हिरवंगार, देठाला चीक.

तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं, किंवा आलं असं मला वाटलं. राखणदाराला उठवायचं राहूनच गेलं होतं. दुपारी मी फुलाला भात लावायला सांगितला. देवकीला तिच्या जागी वाढलं. शेजारी ते कुड्याचं पान मांडून त्यावर मूठभर भात ठेवला. आम्ही जेवलो.

जेवण झाल्यावर मी राखणदाराचं पान उचललं. ते हलकं लागलं. भात संपला होता.

देवकीचा भात तसाच होता. त्यावरून वाफ येत होती.

पण शब्द सवयीनं तोंडातून निघून गेले होते. "ऊठ बाबा, आपल्या जागेला जा."

देवकी उठली.

तिनं हात धुतले नाहीत. अंगणात उतरली, ओढ्याकडे वळली. कुठं पाय ठेवायचा ते न बघता ती चालत होती.

फुलानं हाक मारायला तोंड उघडलं.

माझा हात तिच्या तोंडावर गेला.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. ओढ्यापलीकडे पानं हलली आणि थांबली. मग कितीतरी महिन्यांनी रानात पाखरं बोलू लागली.

लोकांनी देवराई पालथी घातली. काही मिळालं नाही. गवे पुन्हा ओढ्यापाशी वळू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुला चूल पेटवायला गेली आणि तिनं मला बोलावलं. चुलीपुढे राख पसरलेली होती, हातानं सारखी केलेली. तीत बोटानं काढलेली दोन अक्षरं होती.

मला ती येत नव्हती.