हातोडीबाबांची फेरी

सुनेचे दिवस भरले होते, म्हणून सासूबाई तिला घेऊन शहरातल्या इस्पितळात निघाल्या. या मार्गावर आता एकच गाडी उरली होती, तीही गंजलेली, दारं न लागणारी.

"आई, ही गाडी कशी कण्हतेय बघा. माझ्याआधी हीच बाळंत व्हायची," सून म्हणाली.

"गप गं! देवाचं नाव घे."

मधल्या ओसाड स्टेशनात गाडी थांबली. सांज झाली होती. धुकं खिडकीला टेकलं होतं, जळक्या तेलाचा वास येत होता. आणि इंजिनाकडून आवाज येऊ लागला... टण्... टण्...

सासूबाईंचा लहानपणापासूनचा ओळखीचा आवाज. हातोडीबाबा! लांब दांड्याच्या हातोडीने ते गाडीचं एकेक चाक ठोकून बघायचे. धड चाक घंटेसारखं वाजे, तडकलेलं मुकं राही. ऊन असो, पाऊस असो, बाबांनी एक चाक कधी वगळलं नाही. देवापुढे बसूनही आपलं मन इतकं लागत नाही, असं सासूबाईंना वाटे.

आवाज त्यांच्या शेवटच्या डब्याखाली आला.

थप्प.

त्यांनी वाकून पाहिलं. खाली कुणीच नव्हतं.

त्या लगबगीने गार्डकडे गेल्या. "आमचं चाक बघा हो. हातोडीबाबांनी आत्ताच ठोकलं."

गार्ड चपापला. "काकू... बाबा जाऊन वर्षं झाली. त्यांच्या जागी कुणाला नेमलंच नाही."

"तरी बघा, बाळा."

त्याने बत्ती खाली धरली. चाकाला चांगलाच तडा गेला होता.

"पुढे पूल आहे, काकू..." एवढंच तो बोलला.

सगळ्यांना पुढच्या डब्यात बसवून, तो डबा तिथेच सोडून गाडी निघाली. पहाटे इस्पितळात नात झाली.

सासूबाई खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर जप करत बसल्या होत्या. वॉर्ड झोपलेला. अचानक जळक्या तेलाचा वास आला, आणि दाराजवळच्या खाटेपासून... टण्... टण्...

सासूबाईंचा जप थांबला. हातोडी सुनेच्या खाटेशी आली.

टण्! अगदी घंटेसारखा.

आणि शेजारच्या बाळंतिणीच्या खाटेशी... थप्प.

"सिस्टर! हिला बघा आधी!" सासूबाई ओरडत उठल्या.

नर्सने पांघरूण उचललं. चादर रक्ताने भिजली होती. धावपळ झाली, डॉक्टर आले. "वेळेवर हाक मारलीत, मावशी. वाचेल ती," नर्स म्हणाली.

सासूबाईंनी मनोमन बाबांना नमस्कार केला. माणूस गेला, पण त्याने काम सोडलं नाही.

खाटा संपल्या होत्या. तेलाचा वास मात्र जाईना. तो सासूबाईंच्या रिकाम्या स्टुलापाशी येऊन थांबला होता. त्या हात जोडून, कान देऊन उभ्या राहिल्या...