वजीर राहू द्या

दुपारचं जेवण उरकलं की फिटर खुर्ची ओढून संगणकासमोर बसायचा. गॅरेजमधून निवृत्त झाल्यापासूनचा हा नेम. पटावरच्या खेळांची एक साइट होती, तिथं नव्यानं येणाऱ्यांना बुद्धिबळ शिकवायचं काम त्यानं फुकटात अंगावर घेतलं होतं. एका बोटानं टाइप करायचा आणि तोंडाला येईल ते लिहायचा. "घोडा अडीच घरं जातो. का जातो विचारू नकोस. जातो." तरी नवखी मंडळी त्याच्याचकडे यायची, कारण हा बाबा डाव अर्धा टाकून कधी उठत नसे.

पलीकडच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन खडखडत असे. तो आवाज कानावर असला की त्याचं डोकं चालायचं.

"अहो, आज कोणाला छळताय?" तिनं आतूनच विचारलं.

"आहे कोणीतरी नवीन. नावाची जागा कोरी सोडलीय."

"लाजत असेल बिचारा. ओरडू नका त्याच्यावर."

"मी लिहितोय, ओरडतोय कुठं?"

"तुमचं लिहिलेलंसुद्धा ऐकू येतं मला इथं."

नवखा शांत होता. सांगितलेलं एकदा वाचायचा, पुन्हा विचारायचा नाही. फिटरनं हत्ती सांगितला, उंट सांगितला. "प्यादं सरळ चालतं, एकेक घर. मारताना मात्र तिरकं जातं. पटावरून काढलेली सोंगटी परत येत नाही." मग नेहमीप्रमाणे लिहिलं, "तुझा पहिलाच डाव, म्हणून माझ्याकडचं एक काढून खेळतो. काय काढू ते तू सांग."

सगळे वजीरच काढायला लावतात. याचं उत्तर लवकर येईना. खोलीत कुठूनसा वास यायला लागला... ओल्या लाकडाचा, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीचा.

"वजीर राहू द्या," अक्षरं उमटली. "पलीकडे मशीन चालवतायत त्यांना काढा."

मशीन थांबलं. दोरा तुटला की थांबतं तसं नाही. फिरतं चाक मधूनच कापून नेल्यासारखं.

"अगं," त्यानं हाक दिली. "अगं ए..."

तो उठून आत गेला. सुईखाली कापड तसंच, टाका अर्धा. स्टुलाची गादी दबलेली, हाताला अजून ऊन लागणारी. मागच्या दाराला आतून कडी. घर ते केवढं. न्हाणीघरात बघितलं, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं.

परत येऊन त्यानं लिहिलं, "कुठंय ती?"

"पटाबाहेर. तुम्हीच विचारलंत."

"परत आण."

"काढलेलं परत येत नाही, तुम्हीच शिकवलंत. डाव संपला की मी त्यांना घेऊन जाईन."

दुसरा असता तर बोंबलत रस्त्यावर धावला असता. पण फिटरनं जन्मभर गंजलेले नट सोडवले होते. रडून एकही सुटला नव्हता. त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"खेळ," त्यानं लिहिलं.

नवखा शिकवलं तसंच खेळत होता, एक चूक नाही. फिटरचा हत्ती गेला, उंट गेला, वजीर गेला. दर वेळी भिंतीपलीकडे बारीक आवाज होई, पेटीत लाकूड पडल्यासारखा.

"दमलात? थांबायचं...?"

"गप खेळ."

एका कडेनं त्याचं एक प्यादं मुकाट पुढं सरकत होतं. नवखा तिकडं बघतही नव्हता. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याच्या जागी हवी ती सोंगटी घेता येते, हे फिटर पहिल्या दिवशी कधीच सांगत नसे. नव्या माणसाचं डोकं गरगरतं.

प्यादं पोचलं. पडद्यावर नेहमीची चित्रं उघडली, वजीर, हत्ती, उंट, घोडा. आणि त्यांच्या शेजारी पाचवं. वाकून बसलेली बारीकशी आकृती, पुढ्यात चाक.

त्यानं बोट दाबलं.

"हे शिकवलं नव्हतंत..."

"पहिल्या दिवशी सगळं कोण शिकवतं?"

कोरं नाव विझलं. पलीकडे मशीन खडखडायला लागलं.

तो दारात जाऊन उभा राहिला. ती बसली होती, तीच साडी, तोच चष्मा. तो वास मात्र आता या खोलीत होता.

"अगं, कुठं होतीस?"

त्यानं एक पाऊल आत टाकलं. मशीन थांबलं. ती उठली, सरळ एक पाऊल पुढं आली आणि खिळल्यासारखी थांबली.

"बोल की काहीतरी..."

ती त्याच्या पायांकडे बघत होती. पापणी हलत नव्हती. त्यानं दुसरं पाऊल टाकलं. मग तिनं टाकलं, सरळ, तेवढंच.

ज्या बाईसाठी एवढा डाव खेळला तिला सोडून कुठं जायचं?

"बरं," तो म्हणाला. "असं तर असं."

आणि त्यानं पुढचं पाऊल टाकलं.

तिनंही टाकलं. या वेळी तिरकं.